मुक्कामाची जागा



या व्यासपीठावर मोठमोठे प्राध्यापक, वकील आणि साहित्यिक बोलून गेले. मी सातवीला शाळा सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते ऊसतोडीच्या कोपीत, चिमणीच्या उजेडात, रद्दीच्या भावाने घेतलेल्या पुस्तकांवर झाले. त्यामुळे चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मला ज्यातले थोडे कळते असा एकच विषय सुचला, तो म्हणजे मुक्कामाला जागा कशी निवडावी. ते हसले. हा काय व्याख्यानाचा विषय, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले.

विषय सुचण्याला एक निमित्त घडले. गेल्या दिवाळीत आपल्याच भागातली चार तरुण मुले माझ्याकडे आली. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. कॅराव्हॅन म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोटार. अशा मोटारी आणि तंबू घेऊन शहरातले लोक हिंडतात. त्यांना आपल्या माळावर उतरायला जागा करून द्यावी, असा या मुलांचा बेत. आपल्याकडे पाहण्यासारखे आहेही. गावात सिद्धनाथ, जवळ राजेवाडीचा तलाव, शिखर शिंगणापूर, गोंदवले, थोडे पुढे गेले की औंधची यमाई आणि तिथले संग्रहालय. मुले म्हणाली, "तात्या, जागा बघायला चला. तुमचा जन्म तंबूत गेलाय."

मला गंमत वाटली. बावीस हंगाम मी पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या आडोशाला काढले, ते दुसरा इलाज नव्हता म्हणून. त्याच राहणीचे कोणी पैसे मोजून घ्यायला येईल हे ऐकून माझ्या घरच्यांना तर खरेच वाटेना. पण मी गेलो.

पहिली जागा त्यांनी दाखवली ती राजेवाडीच्या तलावाकाठी. हा तलाव 1876-77 च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी पोटासाठी त्यावर माती वाहिली. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी उतरतात, सूर्य मावळताना पाणी तांबडे होते. मुलांनी फोटो काढून ठेवले होते. मी फोटो पाहिले नाहीत, पायाखाली पाहिले. पाणी मागे सरते तिथे गाळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, आतून मऊ. त्यात तंबूची मेख धरत नाही आणि मोटार एकदा रुतली की ट्रॅक्टर आणावा लागतो. काठावर डास, पाण्यावर रात्री येणारी जनावरे, आणि वर कुठे पाऊस झाला तर पाणी किती सरकेल याचा भरवसा नाही. पाणी दिसावे, पण पाण्यात झोपू नये.

ही अक्कल माझी नव्हे, ती आपल्या धनगरांची. दिवाळी झाली की माणदेशातले कळप पश्चिमेकडे निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरे, कडेला कुत्री. दर दोन-चार दिवसांनी वाड्याचा तळ हलतो. तरणीताठी माणसे मेंढरे हाकतात, पण तळाची जागा म्हातारा ठरवतो. एका म्हाताऱ्याला मी विचारले होते, जागेवर आल्यावर तुम्ही पहिले काय बघता? तो म्हणाला, "काय बघत न्हाई. हुबा ऱ्हातो." म्हणजे वारा कुठून येतो ते अंगाला कळू देतो. मग उतार पाहतो. वाघर लावायची ती उंचवट्याच्या मुरमाड जागेवर, कारण चिखलात मेंढराचे खूर सडतात. पाणी जवळ असावे, पण वाघरीला लागून नसावे. एकाकी झाडाखाली वळवाच्या दिवसांत तळ नको, वीज तिथेच येते. सैल दगडांची रास नको, फुरशाचे घर तिथे असते. हे सगळे पाहून झाल्यावर मग तो एक गोष्ट विचारतो, आणि ती सर्वांत महत्त्वाची : हे रान कोणाचे?

धनगर फुकट उतरत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेंढरे शेतात बसली की लेंडी-मुताचे खत मिळते, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. उतरणाऱ्याकडे रानाच्या मालकाला देण्यासारखे काही असते, म्हणून तो मानाने उतरतो. मालकाला नको वाटले तर पुढचे रान आहेच. "इथे नाही बसत" असे म्हणण्याची सोय ज्याला आहे त्यालाच जागा निवडता येते. बाकीचे दिलेल्या जागेवर पडतात. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्यासारखेच माळ अमेरिकेत आहेत, पण फार अफाट. त्यांना ते प्रेअरी म्हणतात. गेल्याच्या मागच्या शतकात, 1840 नंतर, हजारो कुटुंबे पांघरूण घातलेल्या बैलगाड्यांतून प्लाट नदीच्या काठाने पश्चिमेकडे गेली. त्या सपाट मुलखात वाट चुकू नये म्हणून खुणा होत्या. चिमणी रॉक नावाचा धुराड्यासारखा सुळका लांबून दिसायचा. इंडिपेंडन्स रॉक नावाच्या कातळावर लोकांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. त्याच्याजवळ जुलैच्या सुरुवातीला पोचलो तर पुढचे डोंगर बर्फ पडण्याआधी ओलांडता येतील, असा हिशेब असे. जळण नाही म्हणून रानरेड्यांच्या वाळक्या शेणावर त्या बायकांनी स्वयंपाक केला. आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

पण त्या वाटेवर माणसे मेली ती बहुतांशी पटकीने. 1849 पासूनच्या तीन-चार वर्षांत तर तिने कहर केला. कारण सोपे होते. खूण एकच, पाणवठा एकच, म्हणून आज जिथे एक तांडा उतरला तिथेच उद्या दुसरा. पहिल्याची घाण दुसऱ्याच्या पाण्यात. तळाशेजारीच थडगी. आपल्याकडे पंढरपूरच्या यात्रेतही एकोणिसाव्या शतकात हेच झाले. खूण वाट सापडण्यासाठी असते. तिच्या पायथ्याशी सगळ्यांनी झोपायचे ठरवले की प्रश्न सुरू होतो.

आपल्या जुन्या लोकांना हे कळले होते. शिंगणापूरच्या डोंगरावर चैत्रात कावडी येतात, सासवडची भुत्या तेल्याची कावड मुंगी घाटाने वर चढते, लाखो माणूस लोटतो, आणि तो महिना म्हणजे माणदेशात पाण्याचा ठणठणाट. म्हणून मालोजीराजांनी तिथे तळे बांधले. देवळाला कळस चढवणारे पुष्कळ असतात. उतरलेल्या माणसाच्या घशाचा विचार करणारे थोडे असतात.

आणि पालखीचा तळ! जागा कशी असावी यापेक्षा जागेवर कसे राहावे हे शिकायचे तर तो पाहावा. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्या जिल्ह्यातून जाते. संध्याकाळी तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सगळे शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, काय गाऱ्हाणे आहे ते ऐकतो. मग हरवल्या-सापडल्याची माहिती, उद्याच्या निघण्याची वेळ, आणि नंतर आरती. मी संघटनेत तीस वर्षे सभा घेतो आहे. तक्रार असलेल्याने वाजवीत राहावे आणि त्याचे ऐकल्याशिवाय आरती होऊ नये, एवढी चांगली घटना मला आमच्या संघटनेसाठी अजून लिहिता आलेली नाही.

आता माझ्या स्वतःच्या तळाबद्दल. मी विशीत होतो. आईवडील, मी आणि धाकटा भाऊ, टायरगाडी आणि बैलजोडी घेऊन एका कारखान्यावर गेलो. कारखान्याचे नाव घेत नाही, मुकादमही आता हयात नाही. टोळीला कोप्या घालायला जागा दाखवली ती ओढ्याच्या वळणात. सपाट, मऊ, बैलांना पाणी जवळ. वडील आयुष्यभर माळावर राहिलेले. ते जागेवर उभे राहिले आणि म्हणाले, ही जागा पाण्याची आहे. मुकादम म्हणाला, पाणी कुठाय? वडिलांनी बोट दाखवले. बाभळीच्या फांदीला, माझ्या डोक्याच्या वर, जुने पाचट अडकले होते. पाणी एकदा तिथपर्यंत आले होते. पण वरचे रान कोणाला तरी गव्हाला हवे होते आणि आम्ही उचल घेतलेली होती. "इथे नाही बसत" म्हणायची सोय नव्हती.

बारा दिवसांनी रात्री परतीचा पाऊस झाला. आमच्याकडे नव्हे, वरच्या अंगाला. आवाज आला तो पावसाचा नव्हता. माणसे वाचली, कारण वडील बारा रात्री नीट झोपलेच नव्हते. पीठ, कपडे, कोयते गेले. दोन बैलांतला एक दाव्याला बांधलेला होता, तो गेला. बैलाची किंमत उचलीत चढली आणि ती फेडायला तीन हंगाम लागले. त्या तीन हंगामांत धाकट्याची शाळा कायमची सुटली. जागा चुकली म्हणजे काय होते हे मला विचाराल तर मी एवढेच सांगतो.

पुढे संघटनेत आल्यावर एका कारखान्यावर आम्ही जागेसाठी भांडलो. मजुरीच्या दराइतकीच ती मागणी धरून ठेवली. उंचावरचे रान मिळाले, पाण्याचा नळ मिळाला, मी फुशारून गेलो. तळ बघायला गेलो तर एक म्हातारी म्हणाली, "बाबा, जागा चांगली हाय. पर चौबाजूंनी उघडी. अंधारात आमी बायांनी जायाचं कुठं?" जागा निवडणाऱ्या आमच्या समितीत सात पुरुष होते. ओढ्याच्या वळणात निदान आडोसा होता, तोही आम्ही घालवला होता. त्या वर्षी मला कोणी शिव्या दिल्या नाहीत, पण त्या मी खायला हव्या होत्या.

माझे एक प्राध्यापक मित्र आहेत. त्यांनी मला स्टाइनबेक नावाच्या लेखकाची 1939 सालची कादंबरी, 'द ग्रेप्स ऑफ राथ', रोज संध्याकाळी थोडी थोडी अर्थ सांगत ऐकवली. त्याच प्रेअरीची गोष्ट. गवत नांगरून काढले, 1930 नंतर पाऊस गेला, धुळीची वादळे उठली आणि शेतकरी बिऱ्हाड मोटारीवर लादून कॅलिफोर्नियात फळे तोडायला निघाला. तिथे ओढ्याकाठी, पुलाखाली त्यांचे तळ पडले. मला वाटले, हा मनुष्य आमच्या कोप्यांत राहून गेला की काय! सरकारने 1936 च्या सुमारास काही तळ बांधले. अर्विन गावाजवळचा असा एक तळ लेखकाने स्वतः पाहिला होता. तिथे नळ होते, संडास होते, न्हाणीघर होते, आणि कारभार तळावरच्या लोकांनी निवडलेली समिती पाहत असे. बायकांचीही समिती होती. बागाईतदारांना तो तळ खुपत होता, कारण धड राहिलेला माणूस दर विचारू लागतो.

आपल्याकडे 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी पडली, तेव्हाचे तुम्हां सर्वांना आठवत असेल. माणसे जनावरांबरोबर महिनोन् महिने राहिली. चारा कुठून येतो, टँकर कधी येतो, रांग कुठे, शेण कुठे टाकायचे, हे सगळे लोक शिकले. गाव जसे वसते तशी ती छावणी वसली, आणि पुष्कळ बायांनी तिथे पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडले. त्यावर कोणीतरी स्वतंत्र व्याख्यान दिले पाहिजे. ते मात्र बाईने द्यावे.

तर ती चार मुले. राजेवाडीची जागा मी नाकारली. दुसरी जागा नदीच्या पात्रालगतची होती. यात्रेला लोक पात्रात उतरतात हे खरे, पण ते मार्गशीर्षात, पाऊस संपल्यावर. तिसरी जागा एकाच्या वडिलांचा मुरमाड माळ. देखावा काही नाही. सड्यावर चार बोरी, दोन लिंब. पण उताराला आहे, पाणी थांबत नाही, पहारेने मेख ठोकली की हलत नाही, रस्ता खडीचा आहे आणि विहीर तळाच्या वरच्या अंगाला आहे. पूर्वेला डोंगर नसल्याने ऊन लवकर येते, म्हणून तंबूची तोंडे उत्तरेला करा म्हटले. पश्चिमेचा वारा अडवायला शेराचे कुंपण. मुले हिरमुसली. इथून काहीच दिसत नाही, म्हणाली. मी म्हटले, दिवसा माणूस बघायला जाणारच आहे. रात्री त्याला दिसायचे आहे ते आभाळ, ते आपल्याकडे भरपूर आहे.

मग त्यांनी कागद काढला. एका बिऱ्हाडामागे पाणी किती, किती तंबूंमागे किती संडास, बायकांचे वेगळे, त्यांच्या वाटेवर दिवा, सांडपाण्याचा खड्डा विहिरीपासून किती लांब, विजेची जोडणी, विस्तवाची जागा. सगळे सुबक अक्षरात. तो कागद मी दोनदा वाचला. आमच्या संघटनेच्या मागणीपत्रात गेली कित्येक वर्षे हीच यादी जाते. त्यावर आम्हांला सांगतात की चार महिन्यांच्या मुक्कामाला एवढे कशाला लागते? आणि इथे दोन रात्रींच्या मुक्कामाला ते लागते, हे चार पोरांना कोणी न सांगता कळले होते.

मी त्यांच्यावर रागावलो नाही. त्यांची यादी बरोबरच आहे. मी ती मागून घेतली. त्यांच्यातल्या एकाने तळाचा नकाशाही काढून दिला आहे, मापासकट. दसऱ्याच्या आधी कारखान्यांशी बोलणी सुरू होतील, तेव्हा मागणीपत्राला या वर्षी तोच जोडायचा, वरचे 'पर्यटक' एवढे खोडून, असे आम्ही ठरवले आहे. जागा पाहायला जाणाऱ्या समितीत या वेळी पाच बायका आहेत. ज्या म्हातारीने मला विचारले होते ती आता नाही, पण तिची सून आहे.