जुन्या मोटारीच्या ब्रेकच्या चकत्या घरी बदलाव्यात काय?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवर व्याख्याने झाली, तेथे ब्रेकच्या चकतीचा विषय घेऊन उभे राहणे कित्येकांना विचित्र वाटेल. परंतु जबलपुरात तरी हा विषय परका मानण्याचे कारण नाही. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने होणारा ‘शक्तिमान’ ट्रक १९५९ साली येथल्याच गन कॅरेज फॅक्टरीत आकारास आला. पुढे १९६९ साली त्यासाठी स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. निस्सानच्या धर्तीवर झालेल्या ‘जोंगा’ गाडीच्या तर नावातच आपले गाव आहे. त्यातले पहिले अक्षर जबलपूरचे. १९७० नंतरच्या दशकात या गाड्यांसाठी ओतकाम करणारी ग्रे आयर्न फौंड्री सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने निरनिराळ्या सरकारी कंपन्यांकडे वाटले गेले असले, तरी आपल्यापैकी कित्येक घरांचा दिवस त्यांच्याच भोंग्याने उगवला आणि मावळला आहे.

आज ज्या चकतीविषयी बोलावयाचे आहे ती त्याच करड्या ओतीव लोखंडाची असते. मोडले असता करडे दिसते म्हणून त्याचे हे नाव. या लोखंडात ग्राफाइटची बारीक पापुद्र्यांसारखी पाने विखुरलेली असतात. ती उष्णता झपाट्याने वाहून नेतात आणि कंपने गिळतात. ब्रेकला नेमके हेच हवे असते. चाकासोबत फिरणारी चकती दोन बाजूंनी दाबून धरावयाची, ही कल्पना इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी १९०२ सालीच नोंदविली होती. त्यांच्या रचनेतील तांब्याचे घर्षक मात्र त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर फार लवकर झिजत. पुढे १९५३ साली ल मांच्या शर्यतीत जॅग्वारची गाडी चकतीच्या ब्रेकवर जिंकली, आणि मग हळूहळू ते घरगुती मोटारींतही आले. आपल्या जोंगाला चारही चाकांना ड्रमच होते. नंतरच्या लहान मोटारींत पुढे चकती आणि मागे ड्रम ही वाटणी रूढ झाली.

ब्रेक गाडी थांबवितो म्हणजे गतीची उष्णता करतो. चार माणसे आणि लग्नाचे सामान धरून हजार किलोची मोटार शंभर मीटर खाली उतरली, तर तेवढ्या उष्णतेवर तीन लिटर गार पाणी उकळेल. आपण नागपूरला निघालो की शिवनीनंतर कुरईचा घाट लागतो आणि रस्ता तेथे पठार सोडून खाली उतरतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबास या घाटाने चांगलाच धडा शिकविला. निघण्यापूर्वी ब्रेक ‘नवे’ करून घेतले होते. म्हणजे एका कारागिराने पॅड तेवढे बदलले होते. चकत्या झिजून पातळ झालेल्या, ब्रेक ऑइल कित्येक वर्षांचे. पातळ चकती लवकर तापते. ती उष्णता पॅडमधून ऑइलपर्यंत पोचते. आणि जुने ऑइल हवेतील ओल पिऊन बसलेले असते. साधे डॉट ३ ऑइल नवे असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर मात्र १४० अंशांपर्यंतही ते उकळू लागते. उकळले की वाफ होते, आणि वाफ दबते. पेडल तळाशी गेले. गृहस्थांनी पहिला गिअर आणि हातब्रेक यांवर गाडी रोखली म्हणून मंडळी मुहूर्तास पोचली.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. तपासणीच्या त्या दिवसापुरता ब्रेक बरा करण्याची आपल्याकडे रीतच आहे. आम्हांस ती मान्य नाही. घरच्या माणसाने वर्षातून दोनदा चाक काढून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पाहावे काय? चकतीवर किमान जाडी कोरलेली असते. मिटली असल्यास गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मिळते. जाडी चार-पाच ठिकाणी मोजावी, आणि ती मायक्रोमीटरने मोजावी. व्हर्नियरचे सपाट जबडे कडेच्या न झिजलेल्या उंचवट्यावर टेकतात आणि चकती आहे त्याहून जाड भासते. कारखान्यात तपासणीच्या बाकावर बसलेल्यांना हे सांगावयास नको. जाडी किमान आकड्याखाली गेली असेल, वा तडा दिसत असेल, तर चकती बदलावी, आणि दोन्ही बाजूंच्या बरोबरच. पॅडही नवे घालावेत. जुने पॅड जुन्या चकतीच्या घड्यांनुसार झिजलेले असतात.

ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते, तेव्हा ‘चकती वाकली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पुष्कळदा ती वाकलेली नसते. हबच्या तोंडावर गंजाचा कण राहिला की चकती किंचित तिरकी बसते. मग प्रत्येक फेऱ्यात एकच जागा पॅडला घासते, तेथली जाडी कमी होते आणि थरथर सुरू होते. म्हणून नवी चकती बसविण्याआधी हबचे तोंड तारेच्या ब्रशने लखलखीत करणे हे या कामाचे मर्म आहे. महाग चकती आणून हा अर्धा तास वाचविणारे लोक पाहिले की आम्हांस आश्चर्य वाटते.

प्रत्यक्ष काम असे. जागा सपाट व पक्की हवी. मागच्या चाकांना विटा लावाव्यात, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करावेत, आणि जॅकवर विसंबून कधीही गाडीखाली हात घालू नये. लोखंडी घोडी लावावीच. कॅलिपर सोडविल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. ब्रेकची धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे. आणि घरातील मुलांना तेवढा वेळ पेडलपासून दूर ठेवावे. कॅलिपर उघडा असता कोणी पेडल दाबले तर पिस्टन बाहेर येतो.

येथे एक थांबण्याची जागा आहे. काही गाड्यांत चकती हबवर बाहेरून नुसती बसलेली असते. ती गंजाने धरली असली तरी बेताच्या ठोक्यांनी सुटते. काहींत मात्र ती हबला आतून बोल्टने जखडलेली असते, आणि तिच्यासाठी हब ओढून काढावा लागतो, बेअरिंगही हलते. असे दिसल्यास अंगणातील काम तेथेच थांबवून गाडी जाणत्या कारागिराकडे द्यावी. यात कमीपणा मुळीच नाही.

नव्या चकतीवरील गंजरोधक तेल साबण आणि गरम पाण्याने धुऊन ती कोरडी करावी. पिस्टन मागे ढकलताना टाकीतील ऑइल वर चढते, तिकडे लक्ष ठेवावे. रंगावर सांडले तर रंग उतरतो. बोल्ट पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने आवळावेत. ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर ते याच वेळी बदलावे. नंतर इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबीत राहावे. हे विसरल्यास पहिल्याच वळणावर पेडल रिकामे जाते, आणि फाटक समोर असते.

पहिले काही दिवस गाडी गावातच फिरवावी. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा हलकेच वेग कमी करावा, मध्ये चकत्यांना निवू द्यावे. त्याने पॅड आणि चकती एकमेकांना बसतात. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासावेत. घाट त्यानंतर; आणि घाटात गिअर खालचाच.

मायक्रोमीटर आम्ही सोबत आणला आहे. बाहेर उभ्या असलेल्या मोटारींपैकी ज्यांना आपल्या चकत्या मोजून घ्यावयाच्या असतील, त्यांनी चहानंतर चाकाचा पाना घेऊन अंगणात यावे.