संगणकातील आपले अक्षर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात संगणकासारख्या रुक्ष विषयावर बोलण्याची परवानगी कार्यकारिणीने मला दिली, ह्याबद्दल प्रथम तिचे आभार मानते. धंतोलीतून रोज सकाळी गायत्रीनगरच्या आय. टी. पार्ककडे जाणारी ही मुलगी तेथे दिवसभर करते तरी काय, असे आपल्यापैकी पुष्कळ काकू-मावश्यांनी मला विचारले आहे. मी संकेतस्थळे तयार करते. डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी, विजेचे बिल भरण्यासाठी किंवा नातवाच्या शाळेच्या अर्जासाठी आपण मोबाईलवर जे पान उघडता, ते कोणीतरी बसून लिहिलेले असते. ती लिहिणारी माणसे आम्ही.

हे लिहिणे बरेचसे घर बांधण्यासारखे आहे. एचटीएमएल ह्या भाषेत भिंती उभारायच्या. म्हणजे मथळा कोठे, मजकूर कोठे, अर्जाचा रकाना कोठे ते सांगायचे. सीएसएसने रंगरंगोटी करायची. जावास्क्रिप्टने बटणे जोडायची, म्हणजे ती दाबली की काहीतरी घडेल. विणकामात एक टाका सुटला की सारी वीण उसवत जाते. तसेच येथे एक कंस राहून गेला तर सबंध पान बिघडू शकते. त्यामुळे आमचा पुष्कळसा दिवस नवे विणण्यापेक्षा सुटलेला टाका शोधण्यातच जातो.

परंतु आज मला बोलायचे आहे ते आपल्या मराठी अक्षराविषयी. रोजच्या कामात मला सर्वांत अधिक खटपट त्याच्यासाठी करावी लागते, आणि आपल्या मंडळाचेही त्यात काही मोलाचे गुंतलेले आहे.

भगिनींनो, संगणकाला अक्षर दिसत नाही. त्याला केवळ आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. 'क' चा क्रमांक २३२५, 'म' चा २३५०, आणि आपल्या लाडक्या 'ळ' चा २३५५. हे क्रमांक युनिकोड नावाच्या जागतिक तक्त्यातील आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली व तिच्यातच देवनागरीला १२८ घरे राखून ठेवली गेली. त्या घरांची मांडणी भारतात आधीच तयार झालेल्या इस्की ह्या संकेतावरून घेतलेली होती. तरी काही उणे राहिलेच. ज्याच्यावाचून आपले ॲल्युमिनियमचे पातेलेही लिहिता येत नाही, त्या 'ॲ' ला स्वतःचे घर मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

आता गंमत पाहा. आपण डोळ्यांनी पाहतो ते एक, संगणक मोजतो ते निराळे. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर. संगणकाच्या लेखी मात्र स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशा त्या ६ खुणा आहेत. 'सरस्वतीबाई' ह्या नावात आपण ६ अक्षरे मोजतो, तो १० खुणा मोजतो. अर्ज तयार करणाऱ्याने नावासाठी आठच खुणांची जागा ठेवली, तर सरस्वतीबाईंची 'सरस्वतीब' होते! कित्येक अर्ज तर मराठी नाव घेतच नाहीत. मग एकाच बाईचे नाव इंग्रजीत तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिले जाते आणि वारसाहक्काच्या वेळी ती एकच बाई आहे हे सिद्ध करण्यासाठी खेटे घालावे लागतात. एका रकान्याची ही गोष्ट. पण तिची झळ कोठवर पोचते ते आपण जाणताच.

ह्याहून मोठी अडचण जुन्या मजकुराची आहे. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी मराठी छपाईसाठी जे टंक, म्हणजे फाँट, वापरले जात, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. प्रत्येक टंकाची बैठक निराळी. छापखान्यातील खिळ्यांचे खण जणू प्रत्येक छापखान्याने आपापल्या मर्जीने लावले होते. त्या टंकासह पान उघडले तर मराठी दिसे. टंक नसला तर इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ.

आपल्या मंडळाची १९९९ सालची स्मरणिका अशाच टंकात जुळवलेली होती. तिची उरलेली छापील प्रत एका सभासद भगिनीकडे होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि घरात पाणी शिरून त्या प्रतीचा लगदा झाला. पुढे, शिवणवर्ग सुरू करणाऱ्या आपल्या एका दिवंगत भगिनीच्या लेकीने आईचा त्या अंकातील लेख मागितला. मंडळाच्या कपाटात तबकडी सापडली. पण तिच्यात ती भेळ!

टंक कोठेच मिळेना. तेव्हा कोणती खूण कोणत्या अक्षराची, हे शब्दाशब्दाने ताडून मी एक तक्ता केला आणि त्यावरून अदलाबदल करणारा एक लहानसा कार्यक्रम लिहिला. त्यातही मेख होती. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, म्हणून जुन्या टंकात ती आधी येते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर ठेवतात. रफाराचे उलट; डोक्यावर दिसतो शेवटी, पण ठेवायचा आधी. अशी एकेक खूण उचलून तिच्या जागी बसवावी लागली. चार रात्री त्यात गेल्या.

लेख हाती आला तेव्हा लेकीने तो वाचला आणि ती हसू लागली. लेखात वाक्य होते, 'आचार्यांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून आम्हीच पुर्या लाटल्या.' ती म्हणाली, "अहो ताई, आचार्य नव्हेत, आचारी!" जुन्या टंकातील आडवा रकार माझ्या तक्त्यात रफाराशी एक झाला होता. यंत्राला आचार्य काय आणि आचारी काय, दोघे सारखेच; आईची भाषा ओळखली ती लेकीने. तेवढी दुरुस्ती झाली आणि 'आचाऱ्यांना' व 'पुऱ्या' आपापल्या जागी आले. आता तो लेख मोबाईलवर अक्षरे हवी तेवढी मोठी करून वाचता येतो, शोधता येतो, आणि ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांना यंत्राकडून वाचून घेता येतो.

ह्यावरून आपणांस तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली, पुढील स्मरणिकेचा मजकूर छापखान्याकडून युनिकोडमध्ये मागून घ्यावा. मोबाईलवर आपण जे मराठी लिहिता ते युनिकोडच असते, तेव्हा ह्यात अवघड असे काही नाही. दुसरी, सूचना व लेख केवळ चित्र करून पाठवू नयेत. चित्रातले अक्षर नुसते दिसते, ते सहजी शोधता किंवा ऐकता येत नाही. तिसरी, प्रत्येक अंकाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात, एक कागदाची व एक संगणकातील, आणि कोठे ठेवल्या त्याची नोंद इतिवृत्ताच्या वहीत करावी.

जे झिजत नाही ते अक्षर, असे आपण मानत आलो. परंतु संगणकात ते आपोआप टिकत नाही. कोणीतरी ते राखावे लागते. वाळवणे, लोणची आणि घरातील जुने कागद वर्षानुवर्षे राखणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे काम नवे नाही. आपल्या आधीच्या भगिनींनी घरकाम आटोपून, रात्री जागून जे चार शब्द लिहिले, ते त्यांच्या नातींना वाचता यावेत एवढीच इच्छा आहे. स्मरणिका राखण्याच्या कामी माझे जे काही कसब उपयोगी पडेल, ते मंडळाचेच समजावे.