सातबाऱ्यावरचें नांव आणि सरकारी हप्ता
(वडगाव निंबाळकर येथें केलेलें भाषण)



सन २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं, थेट बँकेंत देतें. सन २०२३ पासून राज्य सरकारनें तितकीच भर घातली. ही खैरात नव्हे. तुमच्या घामाचा तो अल्पसा परतावा होय. पण हा पैसा घाम पाहून नव्हे, सातबारा पाहून मिळतो! जो दुसऱ्याचें रान वाट्यानें कसतो, त्यास कांहीं नाहीं. हप्ता आलाच तर मालकाच्या खात्यांत. कसणाऱ्याची नोंद करा, ही मागणी आपण एकमुखानें केली पाहिजे.

दुसरें दुखणें घरचेंच. बाप वारला, तरी उतारा त्याच्याच नांवें! नियम असा कीं, १ फेब्रुवारी २०१९ रोजीं जमीन नांवावर हवी. त्यानंतरची खरेदी चालत नाहीं, पण वारसाहक्कानें आलेली चालते. म्हणून मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारसनोंद करा. आईबहिणींचीं नांवें गाळूं नका.

कागद न वाचतां आल्यानें कुणबी कसा नाडला जातो, हें जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथांत दाखविलें. आज कागद मोबाइलांत गेला, नाडणें राहिलेंच. पोरींना शिकवा, आणि अंगठा देण्यापूर्वीं त्यांच्याकडून वाचून घ्या.