नाथसागरांतील परका मासा

पैठणची गोदावरी पूर्वीं वाहती होती. पहिला गढूळ पूर आला कीं कित्येक देशी मासे प्रवाहाविरुद्ध चढून जात आणि उथळ जागीं अंडीं घालीत. १९७६ सालीं जायकवाडीचें धरण पुरें झालें. छत्रपती संभाजीनगरास पाणी मिळालें, शेतें भिजलीं. नदीचा मात्र तलाव झाला.

या संथ पाण्यांत चिलापीचें फावलें. ती मूळची आफ्रिकेची; १९५२ सालीं ती भारतांत आणली गेली. गरिबास स्वस्त मासा मिळावा, हा हेतु कांहीं वाईट नव्हता. परंतु तिचा संसार मोठा धोरणी! मादी अंडीं तोंडांत धरते, पिलेंहि तेथेंच राखते आणि वर्षांतून अनेकदां अंडीं घालते. पुष्कळ देशी माशांचा हंगाम एकच, पावसाळ्याचा; पाऊस लांबला कीं तोहि हुकतो. दाटी झाली म्हणजे चिलापी स्वतःहि खुरटते. मग भोयाचें जाळें जड लागतें, पण लहान मासळीस भाव बेताचाच येतो.

आफ्रिकन मांगूर याहून घातक. तो इतर मासे खातो. सरकारनें २००० सालीं त्याच्या पैदाशीस बंदी केली, तरी चोरून तो पाळला जातोच.

चिलापी वेचून काढणें आतां कोणाच्या हातचें नाहीं. विणीच्या दिवसांत बारीक आसाचें जाळें न टाकणें आणि पिलें राखणारी मरळीची जोडी न धरणें, एवढें भोयांच्या हातीं आहे. त्या महिन्यांत त्यांची चूल कशी पेटावी, हें मात्र सरकारनें पाहिलें पाहिजे.