कोपरा नसलेली घरे

रायपुरात येऊन राहणाऱ्या मराठी माणसाला ‘कोठी’ हा शब्द नव्याने शिकावा लागतो. आपल्या डोळ्यांपुढे एखाद्या सरदाराचा वाडा उभा राहतो. छत्तीसगढी शेतकऱ्याची कोठी म्हणजे चिखलात पेंढा तुडवून, हाताने थरावर थर चढवून घरातच उभारलेले धान्याचे पात्र. खालचा थर वाळल्यावाचून वरचा चढवायचा नाही. भात वरून ओतायचे आणि तळाशी ठेवलेल्या छिद्राचा बोळा काढून हवे तेवढे घ्यायचे. काही कोठ्या चौकोनी असतात. पण गोल कोठी पाहिली की मला कोकणातली कणगी आणि सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आठवतात.

सर्वांनी वर्तुळच का निवडावे? चाळीस हात लांबीची भिंत घ्या. तिचा चौकोन केला तर आत शंभर चौरस हात जागा मिळते. अष्टकोन केला तर सुमारे एकशे एकवीस, आणि वर्तुळ केले तर एकशे सत्तावीस. शिवाय धान्याचा दाब भिंतीवर सगळीकडे सारखा पडतो, आणि ओल व कीड यांना दडायला कोपरा सापडत नाही. हे गणित कोणी शिकविले नाही. ते हातांनीच शोधले.

मात्र विटांचे गोल बांधकाम गवंड्याला जड जाते आणि दारे-कपाटे तर सरळच असतात. अष्टकोन ही गवंड्याने वर्तुळाशी केलेली तडजोड होय. तिचा उत्तम नमुना रायपुरातच आहे. नांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ साली येथे संग्रहालय स्थापिले, ते अशाच अष्टकोनी इमारतीत. १९५३ मध्ये संग्रहालय नव्या वास्तूत गेले आणि त्या वास्तूचे उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. जुनी इमारत पुढे महाकोशल कलावीथिका म्हणून चित्रप्रदर्शनांना उपयोगी पडली. तिच्या मध्यभागी उभे राहिले म्हणजे आठही बाजू सारख्याच जवळच्या वाटतात. सरकारी कचेरीत वर्षे घालविलेल्या माणसाला हा अनुभव विरळाच!

या आकाराची ओढ साऱ्या जगाला आहे. पाटण्याचा गोलघर हे १७७० च्या दुष्काळानंतर, १७८६ साली उभे राहिलेले प्रचंड कोठारच. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९२ साली सोळा बाजूंचे खळे बांधावयास घेतले. त्यात घोडे गोल फिरून गहू तुडवीत आणि दाणे फळ्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावर पडत. आपल्या इकडच्या बियाऱ्यात, म्हणजे खळ्यात, बैलांची दौंरी अशीच फिरे. तिच्यावर छप्पर नव्हते, एवढाच काय तो फरक.

हे सारे आठवण्याचे कारण एक म्हातारी आहे. काही वर्षांपूर्वी मी घरकुलांची कामे पाहण्यासाठी एका खेड्यात गेलो होतो. तिचे मातीचे घर पाडून तेथे पंचवीस चौरस मीटरांचे पक्के घर व्हावयाचे होते. नकाशा निर्दोष होता. तिने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, “धान ला कहां राखबो, साहेब?” भात ठेवायचे कोठे? कोठी घरातच घडविलेली, दारापेक्षा रुंद. ती फोडल्यावाचून बाहेर निघणार नव्हती. मी म्हणालो, “दाई, आता भात सोसायटीत जाते. तांदूळ रेशनवर मिळतो.” “अउ बिजहा?” तिने विचारले. बियाण्याचे काय?

मजजवळ उत्तर नव्हते. आमच्या नमुन्यात घराच्या भिंतींचा रकाना होता, छपराचा होता, कोठीचा नव्हता. परतताना मला डॉ. राधेलाल रिछारिया यांची आठवण झाली. या थोर शास्त्रज्ञाने मध्यप्रदेश-छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून भाताच्या जातींचे सुमारे एकोणीस हजार नमुने जमविले. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात तो ठेवा जतन केलेला आहे. पण शीतगृहात शिरण्यापूर्वी हे वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते अशाच घरांत, कोणा तरी म्हातारीच्या निगराणीत. पौषी पौर्णिमेला छेरछेराच्या दिवशी मुले दारोदार भात मागत येतात, तीही कोठीतलेच मागतात. गोणीतले मागण्याची रीत अजून पडलेली नाही.

नव्या घराची जागा मी चार हात पुढे सरकवली आणि जुन्या घराची मागची खोली राखण्याचा शेरा मारला. दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा त्या वाटेने गेलो. खोलीचे छप्पर एका बाजूला खचले होते. कोठीवर म्हातारीने पत्रा टाकला होता. तळाचा बोळा काढून तिने मला ओंजळभर बारीक, काळसर भात दाखविले. नाव विचारले तेव्हा तिने सांगितलेले नाव मला नीट ऐकू आले नाही. आता ते विचारायला पुन्हा जायचे आहे.