ज्याला जाब विचारता येतो

माणसांवर विश्वास ठेवायला शिकावे असे म्हटले की लगेच कोणीतरी विचारते, "आणि फसवले तर?" पालघर जिल्ह्यातल्या आगरपासून तलासरीपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात हा प्रश्न हलक्याने घेण्यासारखा नाही. इथल्या वारल्यांनी कागदावर अंगठा उमटवला आणि जमीन सावकाराची झाली. लग्नासाठी थोडे पैसे उसने घेतले आणि नवराबायको दोघेही जन्मभर मालकाकडे राबले. त्यांना लग्नगडी म्हणत. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांनी परक्याकडे संशयाने पाहिले तर त्यात अडाणीपणा कसला? मात्र तो अंगठा विश्वासाने उमटलेला नव्हता, भुकेपोटी उमटलेला होता. ज्याला नाही म्हणायची सोयच नाही, त्याच्या होकाराला विश्वास म्हणू नये.

हेच लोक 1945 साली विश्वास ठेवायला तयार झाले. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे इकडचे काही वारली गेले होते. मग शामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे आले, शहरातली शिकलेली माणसे. ती पाड्यांवर राहिली, पायी फिरली, लोकांच्या घरचे खाल्ले. 23 मे रोजी झरी गावी पाच हजारांवर आदिवासी जमले आणि ठरले की फुकट वेठ करायची नाही, रोजचे 12 आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचे नाही. आपण परुळेकरांवरच्या विश्वासाबद्दल बोलतो, पण मला त्याहून अवघड वाटतो तो शेजाऱ्यावरचा विश्वास. चार जण जरी गुपचूप कामावर गेले असते तरी काम बंद ठेवलेल्या बाकीच्यांची उपासमार वाया गेली असती. तरी लोक टिकले, कारण हे चारचौघांत ठरलेले होते आणि कोण मोडतो ते पाड्यावर लपणार नव्हते.

हाच विश्वास कसा वापरून घेता येतो, तेही त्याच वर्षी दिसले. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पसरवून लोकांना तलवाड्याला जमवले गेले. ऑक्टोबरमध्ये तिथे पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मारले गेले. निरोप मूळ कोणाचा, हे विचारायला समोर कोणी नव्हते. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने ठार मारले, तेव्हाही मुले पळवणारे फिरत आहेत अशा अफवा होत्या. त्याच आठवड्यात मदत वाटायला आलेल्या एका डॉक्टरांच्या गाडीवरही या परिसरात हल्ला झाला होता. त्या जमावाचा कोणावरच विश्वास नव्हता, असे मी म्हणणार नाही. त्याने विश्वास ठेवला होता, पण निनावी बातमीवर. नाव-गाव सांगू शकणारी माणसे समोर होती, त्यांच्यावर नाही. हे आपल्याच भागात घडते, असेही नाही. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकरी अशाच अफवेने मारले गेले, आणि असले संदेश पुढे ढकलणाऱ्यांत पदवीधर कमी नसतात.

मग अनोळखी गाडी आली तर पहाराच द्यायचा नाही का? जरूर द्यावा. गाडी थांबवावी, नाव विचारावे, पोलीस पाटलाला बोलवावे, सकाळपर्यंत बसवून ठेवावे. हात मात्र उगारू नये, कारण त्यानंतर विचारायला कोणी उरत नाही. समोरच्याला जाब विचारता येतो का, ही कसोटी रोजच्या व्यवहारातही लावता येते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेले कुटुंब मुकादमाकडून बयाणा घेते, तेव्हा हिशेबाची एक वही आपल्याकडेही मागावी. काही म्हणतील, असे मागितले तर मुकादम दुखावेल, म्हणेल माझ्यावर भरवसा नाही का. पण ज्याला खरोखर पुढच्या वर्षी त्याच पाड्यावर माणसे मागायला यायचे आहे, त्याला वहीची अडचण होत नाही. आणि ज्याला होते त्याची ओळख बयाणा घेण्याआधीच पटलेली बरी.