चांगल्या चहाच्या शोधात



आमच्या गावाकडे पाहुणा आला, की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. मग 'च्या टाक गं' अशी आत हाक जाते, आणि त्यानंतरच खरे बोलणे सुरू होते. पीक कसे आहे, मुलीचे कुठे जमले का, विहिरीला पाणी किती, हे सारे चहानंतरचे विषय. शहरात चहा 'करतात' किंवा 'ठेवतात', आमच्याकडे तो 'टाकतात'. आणि 'चहा' असे पुस्तकी रूप उच्चारणारा माणूस एक मास्तर तरी असतो, नाही तर तलाठी. मी पेशाने मास्तरच आहे, महाविद्यालयात इतिहास शिकवतो, पण घरी गेलो की माझीही जीभ 'च्या'वर येते.

या चहाच्या पायी मी बरीच पायपीट केली आहे. व्यसन म्हणा हवे तर. गाव नवे असले, की देवळाआधी मी हॉटेल शोधतो. हॉटेल म्हणजे आपले पत्र्याचे, बाकडे टाकलेले. त्याला हॉटेलच म्हणायचे. वीस-पंचवीस वर्षांच्या या शोधात जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात पुण्यापासून करू, कारण शिकायला मी तिथे गेलो आणि चहात तऱ्हा असतात हे मला तिथे कळले. तोवर चहा म्हणजे गोड आणि गरम, एवढीच माझी समजूत. पुण्यात दोन पंथ. एक अमृततुल्यवाल्यांचा, दुसरा इराण्यांचा. अमृततुल्याची दुकाने राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी थाटली. सोन्या मारुती चौकातले 'आद्य अमृततुल्य' १९२४ सालचे सांगतात. दुकानाच्या तोंडाशीच उंचावर मालक मांडी घालून बसलेला, पुढे शेगडी, तीवर पितळी पातेले. दूध, पाणी, साखर, पावडर सारे एकत्र उकळत असते. मालक एका हाताने वेलदोडा आणि आले छोट्या खलबत्त्यात कुटतो, दुसऱ्या हाताने ओगराळे भरून चहा वर उचलतो आणि पुन्हा पातेल्यात सोडतो. मग फडक्यातून गाळून कपात. तो खलबत्त्याचा आवाज ऐकला, की रस्त्याने जाणारा माणूस वळतोच. जाहिरातीची गरज त्यांना कधी पडली नसावी.

इराण्याचा पंथ निराळा. तिथे चहाचा अर्क वेगळा उकळतो, दूध वेगळे आटते, आणि दोघांची गाठ कपात पडते. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, काचेच्या बरणीत खारी आणि नानकटाई. मुंबईत धोबीतलावचे 'कयानी' १९०४ सालचे, पुण्यात डेक्कनवरचे 'गुडलक' १९३५ चे. दोन्ही मी मनसोक्त पाहिली, म्हणजे प्यालो. मुंबईत 'पानी कम' म्हणून सांगावे लागते, नाही तर चहा जरा पातळ येतो. इराण्यांची हॉटेले पुष्कळदा कोपऱ्यावर का, याचे कारण असे सांगतात, की कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून आपले लोक घेत नसत; ती इराण्यांना स्वस्तात मिळाली. आपण अपशकुन टाळला आणि त्यांनी दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक घेतले.

आता तुम्ही विचाराल, या दोहोंत सरस कोणता? माझे मत सांगतो, रुसू नका. सकाळी अमृततुल्य, दुपारी इराणी. वेलदोड्याचा चहा झोप उडवायला बरा, पण तो एकच कप प्यावा. इराण्याकडे दोन तास बसता येते, कोणी उठवत नाही. माझी एम. ए.ची निम्मी तयारी अशा टेबलावर झाली. पेपर कसे गेले ते मात्र विचारू नका.

पुण्याबाहेर पडलो, की मात्र पंचाईत. एस. टी. स्टँडवरचा चहा हा आपल्या महाराष्ट्रातला एक स्वतंत्र प्रकार मानायला हवा. १९४८ च्या १ जूनला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली एस. टी. सुटली. तेव्हापासून किती माणसांनी 'गाडी दहा मिनिटं थांबेल' एवढ्या भरवशावर जीभ भाजून घेतली असेल! तिथे चोथा बदलत नाहीत, त्यातच नवी पावडर घालतात. पावडर फार वेळ उकळली, की तिच्यातला तुरट अंश उतरत राहतो. तो झाकायला साखर वाढवतात. आणि साखरेने तोंड चिकट झाले, की माणूस पाणी मागतो. दुधानेही तुरटपणा थोडा दबतो, कारण दुधातली प्रथिने त्या तुरट द्रव्याला धरून ठेवतात. पण स्टँडवर दूध असते कुठे?

पाण्याचीही गोष्ट आहे. आमच्या सोलापूरकडे पुष्कळ विहिरींचे पाणी जड. तसल्या पाण्याचा चहा काळपट दिसतो आणि वर तेलकटशी पातळ साय धरते. माझी आई म्हणायची, 'पावडरीत भेसळ हाय.' पावडर बिचारी निर्दोष होती, पाण्यातला चुना तो उद्योग करीत होता. तीच पुडी मी एकदा महाबळेश्वरला नेली, तर चहाचा रंग उजळला. मात्र तिथे दुसरीच अडचण. इतक्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आधीच, साधारण पंच्याण्णव-शहाण्णवला उकळते, त्यामुळे पावडरीला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.

शिक्षकबंधूंसाठी आणखी एक सांगतो. एकच चहा निम्मा कपात ठेवा, निम्मा बशीत ओता, आणि कोणता आधी निवतो ते मुलांना पाहू द्या. पसरट भांड्यात बाष्पीभवन जास्त का होते, हे फळ्यावर तीनदा लिहून जे उमजत नाही, ते बशीत एकदा दिसते. आणि प्रयोग संपल्यावर साहित्य वाया जात नाही.

हे पेय आपल्याकडे एवढे मुरले, त्याला फार काळ झालेला नाही. आसामात चहाचे मळे उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकात, आणि माल बहुतेक विलायतेला जाई. १९०३ साली निर्यातीच्या चहावर कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे प्रचारक बाजारात, जत्रेत, स्टेशनात चहा करून दाखवत आणि पाजत. १९३० च्या सुमारास आसामात पाने चिरडून त्यांचे बारीक दाणे करणारे यंत्र निघाले. त्या दाणेदार पावडरीत थोडक्यात पुष्कळ कप रंगतात. गरिबाच्या घरात चहा गेला तो या दाण्यांमुळे. आपण ज्याला पिढीजात म्हणतो तो उकळलेला चहा वयाने आपल्या आजोबांएवढाच आहे.

त्याआधी चहा पिणे ही गंभीर गोष्ट होती. केवढी गंभीर, ते १८९० साली पुण्याने पाहिले. पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे गेले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. समोर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतला, कोणी नुसता कप हातात धरून खाली ठेवला. यामागे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले. वर्गात मी हे शिकवतो तेव्हा मुले हसतात. मीही हसत असे.

पण हसताना एक गोष्ट मी सोयीने विसरत होतो. ती सांगितल्यावाचून हा चहाचा शोध पुरा होत नाही.

मी चौथीत असेन, १९९० च्या आगेमागे. बाजाराच्या दिवशी वडील मला गावच्या हॉटेलात नेत. एक चहा सांगत. कप स्वतःला ठेवत आणि बशीत ओतून मला देत. त्या बशीतल्या चहाची चव मी पुढे कुठे कुठे शोधली, आणि ती सापडत नाही म्हणून हॉटेलवाल्यांना नावे ठेवीत गेलो. त्याच हॉटेलाच्या वळचणीला, पत्र्याखालच्या खिळ्याला, दोन-तीन कान तुटलेले कप अडकवलेले असत. माझ्या वर्गातला एक मुलगा, माझ्याच बाकावर बसणारा, त्याच्या वडिलांबरोबर येई. त्याचे वडील त्यातला एक कप काढत, स्वतः विसळत आणि पुढे धरत. मालक वरून चहा ओते, कपाला किटली लागणार नाही इतक्या उंचीवरून. मग बापलेक बाहेर दगडावर बसून चहा पीत. बशी त्यांना नव्हतीच. मुलगा आधी पिई, उरलेला बाप पिई.

त्याला चाळीस वर्षे होत आली होती, देशाच्या घटनेत हॉटेलांची दारे सर्वांना सारखी उघडी असल्याचे पंधराव्या कलमात लिहून ठेवले होते, १९५५ साली अस्पृश्यतेचा कायदाही झाला होता. आमच्या शाळेच्या भिंतीवर घटनेची उद्देशिका रंगवलेली होती, हॉटेलापासून हाकेच्या अंतरावर. आणि मी बशी फुंकत ते सारे पाहत होतो. वाईट वाटले असे सांगितले तर ते खोटे होईल. काहीच वाटले नाही. खिळ्यावर कप असतात, तसे असतात, एवढेच.

तो माझा बाकावरचा सोबती पुढे डी. एड. झाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला. मधल्या काळात भेटी तुरळक. गेल्या दिवाळीच्या सुटीत तालुक्याच्या स्टँडवर अचानक गाठ पडली. दोघांच्याही गाड्यांना वेळ होता. मी सवयीने म्हणालो, "चला गुरुजी, चहा घेऊ. इथला काही खास नसतो, पण घेऊ."

बोलता बोलता गावच्या त्या हॉटेलाचा विषय निघाला. मालक वारले, मुलगा चालवतो. मी विचारले, "ते वळचणीचे कप कधी गेले रे?"

तो म्हणाला, "कागदी कप आले तेव्हा."

मला कळेना. तो पुढे म्हणाला, "अरे, कोणी येऊन काढले नाहीत ते. ना गावाला उपरती झाली, ना कुणी मोर्चा काढला. पिऊन टाकायचा कप आला. आता सगळ्यांचाच उष्टा कप उकिरड्यावर जातो, तर वेगळा ठेवायचा कशाला? मालकाचं विसळायचं काम वाचलं आणि आमचा खिळा मोकळा झाला."

"मग तू जातोस का तिथे?"

"जातो की. मुलीला घेऊन जातो मुद्दाम. तिला सांगितलं नाही अजून. ती म्हणते, पप्पा, इथला चहा बेकार असतो, तरी तुम्ही इथंच का येता?"

मी गप्प राहिलो. इतिहासाचा माणूस, पण मला आठवेना, की मी त्याला त्या काळात कधी 'आत ये' म्हटले होते का. म्हटले नव्हते. तो बाकावर माझ्या शेजारी बसे, माझ्या पाटीवर पाढे लिही, आणि बाजाराच्या दिवशी मी आत, तो दगडावर.

"तुझ्या वडिलांना चहा कसा लागायचा रे तिथला?" मी उगाच काहीतरी विचारावे म्हणून विचारले.

"बाला? बा म्हणायचा, गोड होता. घरी साखर नसायची ना."

एवढ्यात पोऱ्याने चहा आणला. स्टँडवर अजून चिनी मातीचे कपबशी ठेवतात हे बरे आहे. पोऱ्याने मात्र एकच कप ठेवला. दुसरा आणतो म्हणून गेला तो गर्दीत अडकला. तिकडे माझ्या गाडीची घोषणा झाली. मित्राने कप उचलला, निम्मा चहा बशीत ओतला, आणि कप स्वतःकडे ठेवून बशी माझ्याकडे सरकवली.

"घे," तो म्हणाला, "गाडी जाईल."

मी बशी दोन्ही हातांनी उचलली आणि फुंकर घातली. चहाचे म्हणाल, तर नेहमीसारखाच होता. चोथा सकाळचा असावा, आणि साखर जरा जास्तच पडली होती.